नऊ खांबांच्या सळया

"ह्यातलं कुठलं लावायचं ते तू सांग," आप्पा म्हणाले.

मी नुकतीच दारातून आत आले होते. खांद्यावरची पिशवीसुद्धा उतरवली नव्हती. मे महिन्याची दुपार, लसीकरणाची तीन गावं पायाखाली घातलेली, आणि समोर पुढच्या खोलीतल्या कॉटवर आप्पांनी गळक्या गच्चीसाठी आणलेले नमुने ओळीनं मांडून ठेवलेले. चांदीसारखा कागद चिकटवलेला डांबरी शीटचा वीतभर तुकडा. पांढऱ्या केमिकलचा डबा. निळ्या पत्र्याची पट्टी. कसल्याशा जाड रबराचा एक चौकोन. प्रत्येकाखाली दुकानदाराचं कार्ड. सगळ्यांना कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला बसवल्यासारखं दिसत होतं.

"कोबा कुठाय?" मी विचारलं.

"कोब्याचा नमुना कसा आणणार? तो काय तुकड्यात मिळतोय?"

"दस्तगीर मिस्त्री कोबाच करा म्हणालेत."

"दस्तगीर गवंडी हाय. गवंड्याला सगळीकडं कोबाच दिसणार." त्यांनी शीटचा तुकडा उचलून वाकवून दाखवला. "हे बघ. तापवून चिकटवायचं. उद्या लागलं तर काढता पण येतंय."

मी पिशवी खाली ठेवली आणि आत गेले. उद्या लागलं तर काढता येतंय. हे वाक्य मी किती वर्षं ऐकत होते त्याचा हिशेब ठेवायचं केव्हाच सोडून दिलं होतं.

आमचं घर गडहिंग्लजला, बसस्थानकाच्या मागच्या वसाहतीत. एकोणनव्वद साली बांधलेलं. पुढं आप्पांची खोली, मधे स्वयंपाकघर, मागं माझी खोली, वर सपाट स्लॅब. आणि स्लॅबच्या वर, नऊ खांबांतून पुरुषभर उंच बाहेर आलेल्या सळया. आमच्याकडं कुठल्याही गल्लीत जा, निम्म्या घरांवर अशा सळया दिसतील. वरचा मजला पुढं बांधायचा म्हणून ठेवलेल्या. आमच्या घरावरचा मजला माझ्या धाकट्या भावाचा, शिवानंदचा. आई हयात असेपर्यंत तसंच म्हणायची, शेजारीपाजारी तसंच म्हणायचे, आणि आप्पा काहीच म्हणायचे नाहीत. शिवा शिकला, गुजरातेत वापीला नोकरीला लागला, तिकडंच फ्लॅट घेतला, त्याची पोरं गुजरातीत भांडायला लागली. सळया तशाच उभ्या.

उभ्या म्हणजे काय, आप्पांनी त्यांना लेकरांसारखं सांभाळलं होतं. आप्पा एस.टी.च्या डेपोत हेड मेकॅनिक होते. लोखंड गंजलेलं त्यांना बघवत नसे. निवृत्त झाल्यावरही दर दिवाळीनंतर एक दिवस ते डबा आणि चिंध्या घेऊन वर जायचे, छत्तीसच्या छत्तीस सळयांना जळकं ऑइल चोळायचे आणि वरून सायकलच्या जुन्या ट्यूबा गुंडाळायचे. गावातल्या बाकी घरांवरच्या सळया लालभडक होऊन झडायला लागल्या होत्या. आमच्या काळ्या कुळकुळीत.

आणि गच्ची मात्र गळायची. पुढं नाही, मधे नाही. माझ्या खोलीत.

आधी डांबर ओतून झालं. मग चंदेरी रंग. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून प्लास्टिकचा कागद आणि वर सिमेंट. प्रत्येक गोष्ट एक पावसाळा टिकायची, दुसऱ्याला खांबांपासून सुटायला लागायची. जूनमध्ये मी पलंग दाराकडं ओढायची, ऑगस्टमध्ये खिडकीकडं. गेल्या वर्षी सप्टेंबरात गिलाव्याचा ताटाएवढा पोपडा उशीवर पडला. मी तेव्हा एका बाळंतपणासाठी उपकेंद्रावर होते म्हणून वाचले. तेव्हापासून स्वयंपाकघरात अंथरूण टाकत होते. पंचेचाळिसाव्या वर्षी, दिवसभर डोंगर चढून आल्यावर, गॅसच्या सिलिंडरला पाय लागणार नाहीत अशा बेतानं झोपायचं. मी दमले होते. चिडायचंसुद्धा त्राण उरलं नव्हतं.

रविवारी मी दस्तगीर मिस्त्रींना बोलावून आणलं. पंचावन्नच्या आसपासचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी आधी माझ्या खोलीत स्टूलवर चढून हातोडीनं छत ठोकलं. ठक ठक, ठक ठक, आणि एका ठिकाणी बद्द. मग वर जाऊन खांबांपाशी उकिडवे बसले. बोट फिरवलं, वास घेतला, आणि माझ्यासमोर बोट धरलं. काळं.

"नर्सबाई, हे काय हाय?"

"ऑइल. आप्पा लावतात. गंजू नये म्हणून."

 ते हसू दाबत म्हणाले, "म्हंजे वीस वर्सं तुमी डांबर लावताय, केमिकल लावताय, आणि बुडाशी ऑइल मुरलंय. ऑइलवर काय धरतंय, सांगा बघू? हितनंच सुटतंय सगळं. सळईच्या कडंनं पाणी सरळ खाली."

मला आधी हसू आलं आणि मग रडू येईल असं वाटलं. आप्पा जितक्या मायेनं त्या सळया जपत होते, तितकं पाणी माझ्या पलंगावर पडत होतं. भाऊ राहायला येणार म्हणून. जो येणार नव्हता.

"शीट लावलं तर?"

"शीट लावा, न्हाईतर सोनं लावा. सळया हायत तवर काय टिकत न्हाई. ह्या बुडाशी कापायच्या, तेवढा भाग खणून काढायचा, नवीन माल भरायचा. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा, उतार देऊन. वर फरशीचे तुकडे. मग तीस वर्सं बघायला नको."

"आणि नाही केलं तर?"

"अजून एक-दोन पावसाळे. मग तुमच्या खोलीचा स्लॅब खाली." त्यांनी हात लुंगीला पुसला. "पर कोबा लई जड असतोय. स्लॅब पेलतोय का बघायला पायजे. बीम कुठं, सळई किती. घराचा नकाशा असंल की. तेवढा दाखवा."

खाली येऊन मी आप्पांना नकाशा मागितला.

"कशाला?"

"दस्तगीर मिस्त्रींना बघायचाय. कोब्याचं वजन पेलेल का ते."

"नकाशा न्हाई. वाळवी लागली त्याला. आणि कोबा करायचा न्हाई म्हणून सांगितलंय मी." ते मिस्त्रींकडं वळले. "कोब्याला सळया कापाव्या लागतात न्हाई?"

"व्हय आप्पा."

"मग झालं तर. पत्रा घालू. सळयांच्या वरनं. अँगल उभं करून."

"पत्र्याखाली वारं शिरतंय, पाऊस आडवा येतोय," दस्तगीर म्हणाले. "बाईंच्या खोलीवर मारा तसाच ऱ्हाणार."

"शीट घालू मग."

मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं.  ते चहा पिऊन गेले. आप्पा पुन्हा नमुन्यांपाशी जाऊन बसले. कॉटवर जे जे मांडलं होतं ते सगळं उद्या उचकटता येण्यासारखं होतं. एवढीच त्यांची निवडीची कसोटी.

मी शिवाला फोन लावला. त्याचा आवाज नेहमीसारखा घाईतला.

"अक्का, मी कशाला येऊन बांधतोय तिथं? कापा की. मला विचारायची गरजच नाही."

"मग आप्पांना सांग तसं."

"तू सांग की. तू तिथं आहेस. मला आप्पांना असलं सांगायला जमत नाही."

तू तिथं आहेस. माझ्या आयुष्याची इतकी थोडक्यात व्याख्या दुसऱ्या कुणी केली नव्हती.

मी तिथं का होते, तेही सांगून टाकते. सत्त्याऐंशी साली माझं लग्न झालं, अथणीकडच्या एका घरात. दीड वर्षानं मी परत आले. नवरा मारायचा. त्याला तेव्हा कुणी मार म्हणत नसत, रागीट स्वभाव म्हणत. परत आल्यावर सहा महिने आमच्या जुन्या भाड्याच्या घरात रोज कुणी ना कुणी येऊन बसायचं. मामा, आत्या, जंगम स्वामी, सगळे मला समजावायचे. आई पदर डोळ्याला लावून तेच सांगायची. आणि आप्पा उठून जायचे. "डेपोत काम हाय," म्हणायचे आणि चप्पल घालायचे. एकोणनव्वदच्या गुढीपाडव्यानंतर सासरची माणसं न्यायला आली. मोठी बैठक बसली. त्या बैठकीतही आप्पा भिंतीला टेकून जमिनीकडं बघत राहिले. जात नाही, असं मला माझ्याच तोंडानं सांगावं लागलं. चोवीस वर्षांची होते मी. 

मी आप्पांवर कधी ओरडले नाही, त्यांचं दुखलंखुपलं केलं, आईमागं त्यांना चटणी-भाकरी वेळेवर दिली. पण त्या बैठकीतलं गप्प बसणं मी त्यांना माफ केलं नव्हतं. वीस वर्षं ते माझ्या आत तसंच पडून होतं.

बुधवारी आप्पा पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचं काहीतरी निस्तरायला गेले. मी रजा टाकली होती. नकाशा वाळवीनं खाल्ला यावर माझा विश्वास नव्हता. लोखंडाला गंज चढू न देणारा माणूस कागदाला वाळवी लागू देईल कशाला? त्यांच्या कॉटखाली डेपोतल्या हत्यारांची पत्र्याची ट्रंक होती. पाने, हातोड्या, स्क्रू ड्रायव्हर, सगळं कापडात गुंडाळून ठेवलेलं. मी एकेक बाहेर काढलं. तळाला वर्तमानपत्र अंथरलेलं. त्याखाली, मेणकापडात, घडी घातलेला निळा कागद.

घडी उघडून मी जमिनीवर बसले. तळमजला. पुढची खोली, स्वयंपाकघर, मागची खोली. बरोबर. शेजारी दुसरी आकृती, पहिला मजला. एक बैठकीची खोली, एक झोपायची, छोटं स्वयंपाकघर, मोरी. आणि जिना बाहेरून. तो जिना तेवढा आम्ही बांधलेला होता. गच्चीवर जायला पावसात भिजत जावं लागतं, असला उलटा जिना कुणी काढला म्हणून आई जन्मभर कुरकुरली.

नकाशाच्या कोपऱ्यात, मालकाच्या नावाच्या चौकटीत दोन नावं टाइप केलेली होती. तळमजला, श्री. मल्लाप्पा बसाप्पा बेल्लद. पहिला मजला, शैला मल्लाप्पा बेल्लद.

मी ते पुन्हा वाचलं. शैला मल्लाप्पा बेल्लद. त्या वेळी रेशनकार्डापासून नोकरीच्या अर्जापर्यंत सगळीकडं माझ्या नावापुढं त्या माणसाचं नाव होतं. कोर्टातून सुटका व्हायला पुढं चार वर्षं लागली. आणि इथं, नगरपालिकेच्या गोल शिक्क्याखाली, माझं माहेरचं नाव. शिक्क्यावर तारीख होती, नऊ मार्च एकोणनव्वद.

पाडव्याच्या आधी. बैठकीच्या आधी.

सगळं घर मला परत धाडायला बसलं होतं, तेव्हा डेपोत काम आहे म्हणून चप्पल घालून निघणारा माणूस नगरपालिकेत जात होता. मला वेगळं घर, वेगळं स्वयंपाकघर, कुणाच्या दारातून जायला लागू नये म्हणून बाहेरून जिना. आईला सांगण्याची छाती नसणार. तेव्हा मुलगी परत जाणार नाही असं बोलून दाखवणं म्हणजे घरात भांडणाला आमंत्रण. शिवाचं लग्न व्हायचं होतं, त्याच्या सासरच्यांनी काय म्हटलं असतं? म्हणून आई शिवाचा मजला म्हणायची तेव्हा ते गप्प बसायचे. गप्प बसणं त्यांना चांगलंच जमत होतं. मग पहिला मजला राहूनच गेला. शिवाचं शिक्षण, आईचं आजारपण, काय काय. उरल्या सळया, आणि त्यांना दर दिवाळीला ऑइल.

मी हुंदके देऊन रडले. घरात कुणी नव्हतं. मग मला भयंकर राग आला. सांगितलं का नाही? त्या बैठकीत एवढं एक वाक्य कळलं असतं तर मी वीस वर्षं वेगळी जगले असते. बोलले असते त्यांच्याशी. हसले असते. राग कुणावर काढायचा तेही समजेना. ट्रंकेतली हत्यारं एकेक करून परत गुंडाळली आणि जागेवर ठेवली. नकाशा तेवढा बाहेर ठेवला.

मग बाहेरच्या जिन्यानं वर गेले. गुडघ्यांना अठरा पायऱ्या जाणवतात. गच्चीवर ऊन रणरणत होतं. मागच्या बाजूच्या चार खांबांमध्ये माझी झोपायची खोली येणार होती. मी तिथं उभी राहिले. पंचविसाव्या वर्षी ही खोली मिळाली असती तर मी तिचं काय केलं असतं, याचा विचार केला. पडदे लावले असते. रेडिओ घेतला असता. आता पंचेचाळिसाव्या वर्षी मला फक्त कोरडं अंथरूण हवं होतं. माझ्यासाठी ठेवलेला मजला मीच मोडायचा होता. दुसऱ्या कुणाला तो अधिकारच नव्हता, आणि आप्पांच्या हातून तर ते मरेपर्यंत झालं नसतं.

दुपारी मी नकाशा घेऊन दस्तगीर मिस्त्रींच्या घरी गेले. त्यांनी चष्मा लावून बघितला.

"स्लॅब दणकट हाय. वरच्या मजल्याच्या हिशेबानंच घातलाय. कोबा आरामात पेलतोय." मग बोट त्या कोपऱ्यातल्या चौकटीवर थांबलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. "बाई, कापू न्हवं?"

"कापा. उद्याच या."

गुरुवारी सकाळी ते दोन गड्यांना आणि कटर मशीन घेऊन आले. आप्पा आंघोळीला गेले होते. मी चहाचं आधण ठेवलं तेवढ्यात वरून तो आवाज सुरू झाला. दातांत कळ येईल असा. मोरीतलं पाणी बंद झालं. मी गॅस बंद करून वर गेले, कारण ते वर येणार हे ठाऊक होतं.

ते आले. ओल्या अंगावर बनियन चढवून, कठड्याला धरत, एकेक पायरी. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. तोवर दोन खांब झाले होते. कापलेल्या सळया कडेला रचलेल्या, ट्यूबांसकट. मशीन थांबलं.

आप्पांनी आधी सळयांकडं बघितलं. मग मिस्त्रींकडं.

"कुणी सांगितलं कापायला?"

दस्तगीर माझ्याकडं बघायला लागले.

"मी," मी म्हणाले.

"शिवाचा फोन आलता?"

"नाही."

"मग त्याला न विचारता..."

"ज्याचा मजला, त्यानं सांगितलंय आप्पा."

  मशीनची धूळ अजून खाली बसत होती. मग आप्पा हळूहळू कठड्यापाशी गेले आणि बसले. मला वाटलं चक्कर आली. मी पुढं झाले, तर त्यांनी हातानं थांब म्हटलं.

"ट्रंकेत मिळाला?"

"हो. कागदाखाली."

"तुझ्या आईला पण ठाव नव्हतं."

"माहीत आहे."

 गडी विड्या काढून लांब जाऊन बसले. आप्पांच्या केसांतून पाणी ओघळत होतं आणि ते पुसत नव्हते.

"तवाच बांधायला पायजे होतं," ते म्हणाले. "दर साली म्हणायचो, औंदा बांधू. मग तू मला विचारायचंच बंद केलंस काय पण. जेवायला वाढायचीस, औषध द्यायचीस. पर बोलायची न्हाईस. मला वाटलं, बांधलं तरी ही काय वर जायाची न्हाई."

 त्यांना हे कळत होतं, इतकी वर्षं कळत होतं, हे मला कधी वाटलंच नव्हतं. मी त्यांच्या शेजारी कठड्यावर बसले. मे महिन्याच्या सकाळीही तो गार लागत होता.

"गुडघे गेलेत आप्पा माझे," मी म्हणाले. "आता मला वर नकोच आहे. खालीच बरं."

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी मेकॅनिकच्या जुन्या सवयीनं सगळ्या गच्चीवरून एकदा नजर फिरवली.

"दस्तगीर, उतार कुठं काढतोस?"

"मागं काढतो आप्पा. पयल्यापासनं मागंच हाय. बाईंच्या खोलीकडनं."

"मागं नको. पुढं काढ. माझ्या खोलीवरनं."

"पुढं काढला तर पन्हाळ तुमच्या उशाच्या खिडकीवर येतंय. पावसाळाभर धार ऐकत झोपायला लागंल. भिंत पण ओल धरंल तुमची."

"धरू दे," आप्पा म्हणाले. "वीस वर्सं तिच्या अंगावरनं गेलंय पाणी. आता माझ्यावरनं जाऊ दे."

दस्तगीर मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं नाही. ते उठले आणि मशीनची वायर सोडवायला लागले. उरलेल्या सात खांबांकडं हात करून आप्पांनीच त्यांना खूण केली, कापा.